पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

३ मार्च, मंगळवार

आज माझ्या हातातून कॅल्क्युलेटर हिसकावून घेतला. हिसकावूनच! शिलाईच्या शेडमध्ये उशांच्या अभ्र्यांचं कापड मोजत होते. शिकवणाऱ्या बाईंना गुणाकार जमेना, म्हणून त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. मी दोन आकडे दाबले असतील नसतील, तोवर गार्डबाईंनी शिट्टी फुंकली. मागे मारामारीत एकीचा दात पडला होता तेव्हाही इतक्या जोरात फुंकली नव्हती.

"हिच्या हातात मशीन कुणी दिलं?"

मशीन! अर्धी बटणं रुतलेली, उन्हात धरल्याशिवाय आकडा दिसत नाही, ते मशीन!

पलीकडे स्वयंपाकघरात त्याच वेळी आत्या कांदे चिरत होती. आत्या म्हणजे माझ्या कोठडीतली म्हातारी. सगळ्या तिला आत्याच म्हणतात. हातात हातभर लांब सुरी. आत्या आत का आहे? नवऱ्याला मारलं म्हणून. कशानं, ते मी कधी विचारलं नाही. कांदा चिरताना तिचा हात बघितला की विचारावंसं वाटत नाही. तर तिला सुरी चालते, मला कॅल्क्युलेटर चालत नाही.

माझ्या निकालात एक ओळ आहे — "बटणे असलेले कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण हाताळू नये." त्यामुळे टीव्हीचा रिमोट मला बंद. कोठडीतल्या दिव्याच्या बटणावरून तर दोन गार्डबायांचा वाद झाला. शेवटी संशयाचा फायदा बटणाला मिळाला, मला नाही. तेव्हापासून दिवा आत्या लावते.

आणि मी केलं काय होतं? कुरिअर कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. चांगली चौदा वर्षं. मोठ्या साहेबांनी एका दुपारी घरी पाठवलं — "आता तुमची गरज नाही." ठीक. पण माझा पासवर्ड बंद करायला विसरले. जिचं काम तो बंद करण्याचं, तिलाच काढलं होतं ना! महिन्याभरानं घरून सहज बघितलं, तर दार सताड उघडं. आत गेले. साहेबांनी संचालकांना लिहिलेलं एक पत्र सापडलं. त्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना "खुर्च्या उबवणारी गाढवं" म्हटलं होतं. ते मी ऑफिसातल्या प्रत्येक स्क्रीनवर लावून दिलं. एक दुपारभर. पार्सलं थांबली, माणसं हसली. साहेब हसले नाहीत.

५ मार्च, गुरुवार

वहीची तपासणी. गार्डबाईंनी चार पानं उलटली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"हे कोडमध्ये आहे का?"

"अक्षर आहे माझं."

"असलं?"

इतकी वर्षं कीबोर्ड बडवल्यावर हाताला वळण कुठून राहणार! त्यांनी वही मॅडमकडे नेली. मॅडम म्हणजे इथल्या अधीक्षक. त्यांनाही एक शब्द लागला नाही. "डॉक्टरकीण आहे की काय ही?" म्हणून परत पाठवली. म्हणजे कुलूप माझं मजबूत आहे. इथे मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

मग लिहूनच टाकते. २० एप्रिलला माझी सुनावणी आहे. वागणूक चांगली ठरली तर लवकर सुटका. अट एकच — आत असताना एकाही मशीनला हात लागलेला नसावा. कॅल्क्युलेटरवरच्या दोन आकड्यांचं काय, म्हणून काल दिवसभर मॅडमच्या दाराकडे बघत होते. मॅडमनी "समज दिली" एवढंच लिहिलं. सुटले.

मला लवकर बाहेर जायचंय ते लेकीसाठी. एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात. दादाकडे राहते, माझ्या भावाकडे. निकालानंतर एकदाही भेटायला आलेली नाही. दर वेळी दादा एकटाच येतो, खिडकीपलीकडे बसतो आणि म्हणतो, "तिची परीक्षा आहे गं." जगातल्या सगळ्या परीक्षा भेटीच्याच दिवशी असतात!

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या जिन्यात म्हणाली होती, "तू हे आपल्यासाठी नाही केलंस. तुझ्या रागासाठी केलंस."

खरं आहे. म्हणून जास्त लागलं.

९ मार्च, सोमवार

प्रणाली आली! असंच म्हणायचं, कॉम्प्युटर म्हणायचं नाही. तीन खोकी. एक मॅडमच्या खोलीत, एक ऑफिसात, एक फाटकावर. मुख्य कार्यालयाचा हुकूम — आजपासून जुनी रजिस्टरं कपाटात, सगळं प्रणालीवर. कैद्यांचं ताट, औषध, भेट, सुटका, सगळं. नातेवाइकांना म्हणे घरबसल्या माहिती मिळणार.

टाय लावलेली दोन पोरं आली. वायरी जोडल्या, अर्धा तास प्रशिक्षण दिलं, बिस्किटं खाल्ली, गेली. तो अर्धा तास आमचे भाऊसाहेब, म्हणजे ऑफिसचे कारकून, रिकामी खोकी मोजून घेत होते. त्यामुळे प्रणाली चालवणारा एकुलता एक माणूस प्रणाली चालवायला शिकलाच नाही.

हे सगळं मी व्हरांडा पुसताना बघितलं. कुणी काही विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. पण मनातून उकळ्या फुटत होत्या, हे कबूल करायला हवं.

१० मार्च, मंगळवार

मॅडमनी बोलावलं.

"तुम्हाला हे येतं?"

"येतं."

"हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मग नुसतं सांगायचं. भाऊसाहेब दाबतील."

गार्डबाईंनी ऑफिसच्या फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. पट्टीच्या अलीकडे मी, पलीकडे प्रणाली. मध्ये गार्डबाई, काठीसकट. आणि वर आणखी एक नियम — कैद्यानं दुसऱ्या कैद्यांची माहिती बघायची नाही. म्हणून मी स्क्रीनकडे पाठ करून उभं राहायचं, तोंड भिंतीकडे. भाऊसाहेब स्क्रीनवर काय दिसतं ते बोलणार, मी भिंतीला उत्तर देणार.

हे सगळं शहाण्या माणसांनी खुर्चीत बसून ठरवलं.

१२ मार्च, गुरुवार

भाऊसाहेब एका बोटानं टाइप करतात. हरकत नाही. पण प्रत्येक बटणाआधी विचारतात — "दाबू?"

"दाबा."

टक.

"दाबलं. आता?"

"आता काय दिसतंय?"

"निळं दिसतंय."

"काय निळं?"

"सगळंच."

सकाळपासून जेवणापर्यंत आम्ही दोघांनी मिळून एका बाईचं आडनाव घातलं. ते चुकलं. भाऊसाहेब प्रणालीला "सॉरी" म्हणाले. मी भिंतीवरचा पोपडा बघत होते. त्याचा आकार आता मला पाठ आहे.

मी त्यांना हसते, पण माणूस वाईट नाही. दुपारी चहा आला तेव्हा त्यांनी अर्धा कप पट्टीच्या अलीकडे सरकवला. गार्डबाईंनी कपाला बटण नाही याची खात्री करून घेतली.

१४ मार्च, शनिवार

भेटीचा दिवस, एकाआड एक शनिवारी येणारा. दादा एकटाच. परीक्षा!

परत येताना फाटकावरचा कॉम्प्युटर दिसला. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या मागे चिकटवलाय. म्हणजे भेटायला येणाऱ्यांच्या बरोबर तोंडासमोर! तोही कारखान्यातून आलेला, एकापासून सहापर्यंत ओळीनं आकडे. आणि ही प्रणाली घरबसल्या उघडते. कुणाच्याही घरी बसल्या.

मॅडमना सांगितलं. "हा बदला. आजच बदला."

मॅडमनी डोळे बारीक केले. "तुम्ही म्हणताय बदला?"

"हो."

"म्हणजे यात नक्की काहीतरी डाव आहे."

आणि म्हणून बदलणार नाहीत! मी बदला म्हटलं म्हणून! मी गप्प बसले असते तर कुणीतरी कंटाळून बदलला तरी असता. हात टेकले.

१५ मार्च, रविवार

रविवारी ऑफिस बंद. झाडू-पोछा माझ्याकडे. प्रणालीवर चादर टाकून वर सुतळीनं बांधली होती, मी आत गेल्यावर ती माझ्या अंगावर उडी मारेल अशा भीतीनं. गार्डबाई दारात स्वेटर विणत बसल्या. अर्ध्या वेळ डोळे मिटलेले.

मनात आलं असतं तर? नाही आलं. २० एप्रिल.

१७ मार्च, मंगळवार

उद्या एकीची सुटका आहे. प्रणालीवरची पहिलीच. भाऊसाहेब घाबरलेले. "आधी एकदा सराव करू या का, बाई?"

करू या. कुणाच्या नावावर? मी म्हटलं, "माझं घ्या."

कंपनीत नव्या पोरांना मी ओरडून ओरडून सांगायचे — चालू कामावर सराव करायचा नाही. खऱ्या नावावर, खऱ्या नोंदीवर तर मुळीच नाही. एकाला तर मी यासाठी रडवलं होतं. आणि आज स्वतःच! का केलं? खरं सांगायचं तर माझं नाव आणि "सुटका" हा शब्द एका वाक्यात ऐकायचा होता. भाऊसाहेबांनी मोठ्यानं वाचला. बरं वाटलं.

मग जेवणाची घंटा झाली. मी म्हटलं, "आता रद्द करा."

"दोन चौकोन आलेत. एक हिरवा, एक लाल."

"लाल."

"दाबू?"

"दाबा!"

टक.

१८ मार्च, बुधवार

आज माझ्या नावाचं ताट नाही.

१९ मार्च, गुरुवार

माझी सुटका झाली आहे.

अभिनंदन! प्रणालीत तसं आहे — मंगळवारी, जेवणाच्या घंटेला, वागणूक उत्तम. या प्रणालीत लाल म्हणजे "नक्की सोडा" आणि हिरवा म्हणजे "थांबा". सुटका धोक्याची गोष्ट, म्हणून लाल! माझ्या सगळ्या कामाच्या आयुष्यात लाल म्हणजे रद्द. पाठ करून भिंतीशी बोलत होते, बघितलं असतं तर अक्षरं वाचली असती. बघितलं नाही. सवयीनं बोलले. एखादी नवखी असती तर तिनं विचारलं तरी असतं, लालवर लिहिलंय काय म्हणून.

मॅडम डोकं धरून बसल्या होत्या.

"आता उलटं करा की," मी म्हटलं.

"उलटं करायचं बटण नाही. सुटलेल्याला परत घ्यायचं तर नव्यानं दाखल करावं लागतं. कोर्टाचा कागद लागतो. आणि दाखल केलं की शिक्षा पहिल्या दिवसापासून मोजली जाते."

"म्हणजे मी पुन्हा पहिल्यापासून?"

"प्रणालीप्रमाणे."

"आणि तोवर मी इथे कोण?"

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. "खरं म्हणजे तुम्ही इथे असायला नको. तुमचं इथे राहणं नियमात बसत नाही."

म्हणजे मी तुरुंगात घुसखोरी केली आहे! बिनपरवानगी आत शिरण्याचीच मला सवय, नाही का!

जेवण आत्यानं दिलं. तिच्या ताटातलं अर्धं. "खा गं. सुटलेल्या बाईला भूक लागतेच."

२० मार्च, शुक्रवार

आज हसू येत नाही.

प्रणाली सुटकेचा निरोप नातेवाइकांच्या फोनवर आपोआप पाठवते. मंगळवारी दुपारी तो दादाच्या फोनवर गेला. बुधवारी सकाळी फाटकावर एक मुलगी आली. गार्डबाईंनी आज सहज सांगितलं, विणता विणता. "केस बारीक कापलेली. जरा हट्टी वाटली. पिशवीत तुझे कपडे आणले होते. मी प्रणालीत बघितलं आणि सांगितलं, ती कालच गेली."

"मी आत होते! तुम्ही मला सकाळी स्वतः बघितलं होतंत!"

"पण प्रणालीत नव्हतीस ना."

दुपारपर्यंत फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून होती म्हणे. मग गेली.

इतक्या महिन्यांनी आली. भेटायला नाही, घरी न्यायला आली. आणि तिला काय कळलं? आई सुटली आणि घरी आली नाही. आपल्याकडे न येता कुठेतरी निघून गेली. ती जिन्यात म्हणाली होती तेच खरं निघालं तिच्या दृष्टीनं! मी रागासाठी आत गेले आणि सुटल्यावर तिच्याकडे फिरकलेही नाही.

मॅडमच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. "फोन करू द्या."

"फोन प्रणालीतल्या कैद्यांना."

"मग तुम्ही करा. माझ्या भावाला एवढंच सांगा की मी इथे आहे."

"काय सांगू? की तुमची बहीण कागदोपत्री सुटली आहे आणि आम्ही तिला डांबून ठेवलंय? माझी नोकरी जाईल. चार दिवस थांबा, मी मुख्य कार्यालयाशी बोलते."

पत्र लिहिलं. पेटीत टाकायला गेले तर पत्रावर कैद्याचा क्रमांक लागतो. माझा क्रमांक आता रिकामा आहे.

संध्याकाळभर रडले. आत्यानं दिवा लावलाच नाही, मला रडू दिलं.

२१ मार्च, शनिवार

मुख्य कार्यालय शनिवार-रविवार बंद.

२२ मार्च, रविवार

ऑफिस पुसलं. चादरीखाली प्रणाली. सुतळीची गाठ सुरगाठ होती, नुसती ओढायची. गार्डबाई घोरत होत्या. उलटं करायचं बटण नसलं तरी मला दोन मिनिटांचं काम. नोंद उघडायची, तारीख मूळची टाकायची, निरोप पुन्हा पाठवायचा — तुमची आई आतच आहे. घरचे लोक असल्या निरोपावर आनंदानं रडतील असं हे पहिलंच घर!

ज्यासाठी शिक्षा झाली तोच गुन्हा पुन्हा, आणि तोही तुरुंगात शिरण्यासाठी!

सुतळीला हात लावला. मग २० एप्रिल आठवला. लेक इतका काळ एकटी राहिली, आणखी वर्षभर राहील का? फडकं उचललं आणि बाहेर आले. फरशी दोनदा पुसली असं गार्डबाई म्हणाल्या.

बरोबर केलं की चूक, कळत नाही.

२३ मार्च, सोमवार

ताट आलं! माझ्या नावाचं!

भाऊसाहेब धावत व्हरांड्यात. "बाई, तुम्ही परत आलात!" जसं काही मी गावाला गेले होते. प्रणालीत माझी नोंद जशीच्या तशी. दाखल तारीख जुनी, सुटकेची तारीख जुनी, सुनावणी २० एप्रिल. मंगळवारच्या सुटकेचा मागमूस नाही.

"मुख्य कार्यालयानं केलं असणार," मॅडम म्हणाल्या.

"मी शुक्रवारी जाताना एक बटण दाबलं होतं," भाऊसाहेब म्हणाले. "त्यानंच झालं असेल." दुपारपर्यंत "त्यानंच झालं" असं ठरलं आणि भाऊसाहेब छाती काढून फिरू लागले. फिरू देत!

मी काही विचारलं नाही. शनिवारी भेटीचा दिवस. दादाला सगळं समजावून सांगेन, तो तिला सांगेल. तेवढं पुरे.

२८ मार्च, शनिवार

ती आली.

एकटी. केस खरंच बारीक कापलेत. वाईट दिसत नाहीत, पण हे मी तिला सांगितलं नाही. काचेपलीकडे बसली, फोन उचलला. मी घाईघाईनं — "मी सुटले नव्हते गं, ती प्रणाली..."

"माहितीये."

"कसं?"

"मामा दोन दिवस रडत होता. म्हणाला, तिनं आपल्याला टाकलं. मी म्हटलं, थांब, बघू दे." आणि ती हसली. बरोबर माझ्यासारखी, एका बाजूनं. "सुटकेची नोंद होती. पण तुझ्या चपला परत दिल्याची नव्हती. तू चपला न घालता कुठे जाणार?"

मला वाटलं किती हुशार पोरगी आहे! आणि मग वाटलं — नोंद? कुठली नोंद? हिनं कुठे बघितली?

"फाटकावर चिठ्ठी लावलीये ना," ती म्हणाली. "एकापासून सहापर्यंत. मी मुद्दाम रविवार निवडला. सुटकेची तारीख मूळचीच ठेवली. एक दिवससुद्धा कमी केला नाही. मोह झाला होता, पण तू म्हणशील आगाऊपणा केला."

लहान होती तेव्हा शाळा सुटली की कंपनीत माझ्या टेबलाखाली बसायची. मीच शिकवलं होतं. फुशारकीनं शिकवलं होतं — बघ, दार उघडं राहिलं की असं आत जाता येतं.

"पुन्हा हे कुणाला बोलायचं नाही," मी म्हटलं. "कुणाला म्हणजे कुणालाही नाही. मामालाही नाही."

"मी काही बिघडवलं नाही, आई. दुरुस्त केलं."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. कोर्टाला असला फरक कळत नाही."

तेव्हा कुठे तिचं हसू गेलं. उठताना काचेला हात टेकला. "मी तेव्हा जिन्यात बोलले ते..."

"ते खरं होतं."

"हो. पण मी यायला हवं होतं."

गार्डबाई पलीकडे टाके मोजत होत्या. देवाची कृपा, की लोकरीची!

३१ मार्च, मंगळवार

मुख्य कार्यालयाचा तपासनीस आला. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र. आम्हाला रांगेत उभं केलं. म्हणाला, २२ तारखेला रविवारी, ऑफिस बंद असताना कैद्याची नोंद बदलली गेली. बदल बाहेरून झाल्याचं दिसतं.

भाऊसाहेबांची छाती आत गेली.

"बाहेरून कुठून?" मॅडमनी विचारलं.

"इंटरनेट कंपनीला पत्र टाकलंय. दोन-चार दिवसांत घराचा पत्ता मिळेल. मग पोलीस जातील."

घराचा पत्ता. दादाचं घर, मागची खोली, तिचं टेबल.

पासवर्ड चिठ्ठीवर लिहून भिंतीशी बोलायला लावणाऱ्यांवर खटला नाही. आईच्या चपला शोधणाऱ्या पोरीवर होईल!

२ एप्रिल, गुरुवार

आत्याला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. आधी उरलेले सोलून संपवले. मग म्हणाली, "तुला इथली सगळी घाबरतात. माझ्यापेक्षा जास्त. त्याचा काहीतरी उपयोग कर की."

मी मॅडमच्या खोलीत गेले. तपासनीस चहा पीत होता.

"रविवारी ऑफिस मी पुसते. चादर सोडली आणि नोंद मीच बदलली. बाहेरून झाल्यासारखं दाखवलं, म्हणजे संशय येऊ नये. तुमच्या त्या पत्त्यावर जाऊ नका. तो मी मनानं घातला. माझ्या भावाचा आहे, दुसरा पाठ नव्हता."

मनानं घातला! असला पत्ता असा घालता येत नाही. शिकलेल्या माणसानं मला दारातच थांबवलं असतं, दोन प्रश्न विचारले असते, आणि मी तोंडघशी पडले असते. तपासनीसानं मान डोलावली. "वाटलंच होतं." मॅडम म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते?" गार्डबाईंनी शपथेवर सांगितलं की त्यांचा डोळा लागलाच नव्हता, मी डोळ्यांदेखत सुतळी सोडली, पण इतकी चपळ की दिसलं नाही. खटल्यात मी खरं बोलत होते तेव्हा कुणाला पटत नव्हतं. आज खोटं बोलले, तर घोटभर चहा संपायच्या आत पटलं!

इंटरनेट कंपनीला "पत्र रद्द" असं दुसरं पत्र गेलं. सुनावणीचा कागद मॅडमनी माझ्यासमोर फाडला. त्यांना जरा वाईट वाटलं असावं, हळू फाडला.

आता ही वही पुरावा म्हणून उद्या जमा करायची आहे. मुख्य कार्यालयात अक्षर लावणारा एक माणूस आहे म्हणे. म्हणून इथवरची पानं शिवण उसवून काढते आहे. आत्या म्हणाली, "दे इकडे. माझ्या पिठाच्या डब्यात हात घालायची कुणाची छाती आहे?"

वहीत नुसती कोरी पानं राहतील. एकावर काहीतरी असायला हवं. उद्या सावकाश, वळणदार अक्षरात लिहीन.

३ एप्रिल, शुक्रवार

वही आज सुरू करते आहे. २२ मार्च रोजी पिवळी पट्टी मी ओलांडली व नोंद मी स्वतःच्या हाताने बदलली. मला कोणीही मदत केली नाही. मला एक मुलगी आहे. तिला कॉम्प्युटरमधले काहीही येत नाही. साधा फोनसुद्धा मला विचारून चालू करते.